अर्कयंत्रातलं तूप

"येतंय, येतंय!" बापूसाहेब माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले.

मी तोटीखाली काचेचं पात्र धरून उकिडवा बसलो होतो. मागे चाळीसेक माणसं होती. विश्वस्त, प्राध्यापक, शाल-श्रीफळाच्या आशेने आलेले दोन माजी प्राचार्य आणि मला सारखं "सर, जरा हसा" म्हणणारा एक फोटोग्राफर. यंत्राच्या पोलादी टाक्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दाबमापकाच्या काचेवर कुणीतरी कुंकवाचं बोट ओढलं होतं, त्यामुळे आत दाब नक्की किती आहे हे मला दिसत नव्हतं.

तोटी फसफसली आणि आलं.

यायला हवा होता भांगेचा अर्क. काकवीसारखा दाट, हिरवट-काळसर. आलं ते फिकट पिवळं, पातळ काहीतरी. पात्रात पडल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत ते कडेने थिजायला लागलं आणि त्याने छान रवा धरला.

बापूसाहेबांनी टाळ्या सुरू केल्या. बापूसाहेब इंगवले हे आमच्या आयुर्वेद महाविद्यालयाचे अध्यक्ष. त्यांनी टाळ्या सुरू केल्या की ते थांबेपर्यंत आपणही वाजवायच्या, असा संस्थेचा अलिखित नियम होता. त्यामुळे त्या पिवळ्या पदार्थाचं आम्ही मिनिटभर जोरदार स्वागत केलं.

टाळ्या न वाजवणारे दोघेच होते. एक, एक्साइजचे निरीक्षक कुलाळ. ते हाताची घडी घालून उभे होते. दुसरे, रसशाळेचे वैद्य आठल्ये. त्यांच्या हातात उपम्याची बशी होती.

कुलाळ पुढे आले. "हे काय आहे?"

"अर्क," मी म्हणालो.

त्यांनी पात्राला नाक लावलं. "सबनीस सर, माझ्या घरी दोन म्हशी आहेत. हे तूप आहे."

"गाईचं," वैद्य आठल्ये म्हणाले आणि पुन्हा उपम्याकडे वळले.

इथे थोडं मागे जायला हवं. बापूसाहेब एका शिष्टमंडळाबरोबर जर्मनीला गेले होते आणि तिथल्या प्रदर्शनात त्यांनी हे यंत्र पाहिलं होतं. सोडावॉटरमध्ये असतो तो वायू प्रचंड दाबाखाली वनस्पतीच्या पाल्यातून न्यायचा. वायू पाल्यातलं सत्त्व घेऊन बाहेर येतो, दाब उतरला की उडून जातो आणि सत्त्व खाली राहतं. हळद, आलं, अश्वगंधा, काहीही चालतं. पण जर्मनीत बापूसाहेबांनी पाहिला तो गांज्याच्या जातीच्या झाडाचा अर्क, त्यामुळे आमच्या नव्या अर्ककेंद्राचा श्रीगणेशाही भांगेनेच व्हायला हवा होता. सांधेदुखीच्या मलमासाठी. आमच्या शास्त्रात भांगेला विजया म्हणतात, त्यामुळे निमंत्रणपत्रिका छापायला अडचण आली नाही.

परवाना मिळवायला चौदा महिने गेले. पोतं आलं त्या दिवशी कुलाळांच्या समोर वजन झालं, पाच किलो. मग ते लोखंडी कपाटात गेलं. कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या परिचर शेवंताबाई खरात यांच्या कमरेला. कुलाळांनी जाताना सांगितलं होतं, "सर, यातला चिमूटभर पाला जरी इकडेतिकडे झाला, तर किल्ली ज्याच्याकडे, गुन्हा त्याच्यावर. मला मग काही करता येणार नाही."

शेवंताबाईंच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. गुन्हा दाखल झाला असता तर पेन्शन अडकली असती. किती वर्षं, ते कुणीच सांगू शकलं नसतं.

आणि मी? मी नऊ वर्षं कंत्राटावर होतो. मला कायम केल्याची ऑर्डर त्या दिवशी बापूसाहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. जेवणानंतर ते ती व्यासपीठावरून वाचून दाखवणार होते. खिशातून लिफाफ्याचं पांढरं टोक दिसत होतं आणि सकाळपासून मी बापूसाहेबांशी बोलताना त्या टोकाशीच बोलत होतो.

"पाहुण्यांना जेवायला न्या," बापूसाहेब प्राचार्यांना म्हणाले. "आणि जिलबी गरम वाढा म्हणावं."

खोलीत आम्ही चौघे उरलो. बापूसाहेब, कुलाळ, मी, आणि वैद्य आठल्ये. त्यांना जेवायला चला असं कुणी म्हणालं नव्हतं म्हणून ते बसून होते. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत बापूसाहेब त्यांना म्हणाले होते, "वैद्यबुवा, विचारल्याशिवाय बोलत जाऊ नका." तेव्हापासून वैद्यबुवा विचारल्याशिवाय बोलत नसत. गाय-म्हशीच्या प्रश्नावर तेवढं त्यांना राहवलं नसावं.

मी त्या पिवळ्या पदार्थाचा थेंब तपासणीयंत्रात घातला. वीस मिनिटं आम्ही पडद्याकडे बघत बसलो. भांगेतल्या सत्त्वाच्या जागी डोंगर उभा राहायला हवा होता. तिथे मुंगीने मान वर करावी एवढा उंचवटा आला.

"म्हणजे?" बापूसाहेब.

"म्हणजे... आहे. पण नसल्यासारखं आहे."

"सबनीस, मराठीत सांगा."

"पाल्यात सत्त्व नाही, साहेब. तूप आहे."

"झाडाला तूप कधीपासून यायला लागलं?"

मला खरोखरच काही कळत नव्हतं. मी यंत्राचं माहितीपुस्तक उघडलं. त्यात 'बिघाड व उपाय' नावाचं प्रकरण होतं. तोटीतून काही न आल्यास काय करावं, पाणी आल्यास काय करावं, हे सगळं होतं. तूप आल्यास काय करावं, हे जर्मनांनी लिहिलं नव्हतं.

कुलाळ यंत्राच्या टाकीतून काढलेला पाला बोटांनी चाळत होते. "सकाळी वजन किती भरलं होतं?"

"चार किलो नऊशे. वाळून शंभर ग्रॅम जातंच, म्हणून मी..."

"बरोबर. पाला काढायचा, दुसरा कुठलातरी भरायचा, आणि वजन जुळवायला तूप चोपडायचं." ते हात पुसत म्हणाले. "डोकं आहे. किल्ली कुणाकडे असते?"

प्रश्न मला होता, पण बापूसाहेबांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं. "खरातबाईंकडे."

शेवंताबाईंना बोलावलं. उद्घाटनासाठी त्या हिरव्या इरकलीत आल्या होत्या. पदर खोचून, हातात पत्रावळींचा गठ्ठा घेऊन त्या आत आल्या.

"काय वो सर? तिकडं पंगत बसलीया."

"बाई, कपाटाला तुम्ही हात लावला होता?" कुलाळांनी विचारलं.

"न लावून कसं चालंल? रोजचं पुसत्ये मी त्ये."

"आतलं पोतं बाहेर काढलं होतंत?"

"काढलं की."

कुलाळांनी माझ्याकडे पाहिलं. मी बापूसाहेबांकडे. बापूसाहेबांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला, का ते मला माहीत नाही.

"बघा!" बापूसाहेब म्हणाले. "तोंडानं कबूल करतात! बाई, तीस वर्षं या संस्थेचं मीठ खाल्लंत तुम्ही. आणि भांग विकलीत?"

शेवंताबाईंनी पत्रावळींचा गठ्ठा टेबलावर ठेवला. सावकाश, एकेक बोट सोडवल्यासारखा.

"काय म्हनालासा?"

"मी म्हणतोय..."

"ऐकलं मी. चोर म्हनालासा." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "आता माज्या तोंडातनं शबुद निगायचा न्हाई. जे काय हाय त्ये वहीत हाय. वही बगा."

मी परवान्याची छापील वही काढली. कोरी, नवी, सरकारी शिक्क्याची. पहिल्या पानावर पोतं आल्याची नोंद आणि आजच्या सकाळची नोंद. मध्ये काही नाही.

"यात काही नाही, बाई."

शेवंताबाई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. त्या खरंच बोलेनात.

बापूसाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सबनीस, तुम्ही केंद्रप्रमुख आहात. उगाच संस्थेचं नाव नको. एवढंच लिहून द्या की किल्ली बाईंकडे असते, पोतं बाईंनी काढलं आणि तुम्हाला कल्पना नव्हती. बाकी कुलाळ बघतील." मग जरा थांबून, "जेवण आटोपलं की आपला तो कार्यक्रम आहेच."

मी कागद घेतला. लिहिलं, 'कपाटाची किल्ली श्रीमती खरात यांच्याकडे असते.' वाक्य शंभर टक्के खरं होतं. दुसरंही खरंच होतं, 'पोते आपण बाहेर काढल्याचे त्यांनी मान्य केले आहे.' तिसरं, 'मला याची कल्पना नव्हती,' तर सगळ्यात खरं. मला कशाचीच कल्पना नव्हती. खरी वाक्यं इतकी सोयीची असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सही करायला खाली वाकलो तेव्हा शेवंताबाई भिंतीला म्हणाल्या, "ही वही न्हवं. ती वही."

"कुठली ती?"

"ती."

"शोधनवही," वैद्य आठल्ये म्हणाले. प्रश्न प्रश्नचिन्हासकट आला होता, म्हणून त्यांनी उत्तर दिलं असावं. "रसशाळेत आहे. खलबत्त्याच्या वरच्या फळीवर."

शेवंताबाईंना खोलीबाहेर सोडायला कुलाळ तयार नव्हते. म्हणून मी गेलो.

रसशाळा अंगणापलीकडे. जुनी, कौलारू, धुराने काळवंडलेली. नवं केंद्र झालं तेव्हा शेवंताबाईंची बदली तिथून माझ्याकडे झाली होती. त्याआधी तीस वर्षं त्या वैद्यबुवांच्या हाताखाली भस्मं आणि काढे करत होत्या. फळीवरची वही मी काढली. जाड पुठ्ठ्याची, कडेने काळी, तुपाने आणि राखेने चिकट झालेली. पानं एकमेकांना धरून बसली होती, नखाने सोडवावी लागत होती.

अंगणाच्या मध्यावर, तुळशीपाशी, मला ते पान सापडलं. चार दिवसांपूर्वीची तारीख. शेवंताबाईंचं गोल, शाळकरी अक्षर.

'विजया पाच किलो. सात पान्याने धुतली. पानी निवळ झाले. सावलीत वाळवली. गाईच्या तुपात मंद आचेवर भाजली. तूप निथळून बरनीत ठेवले. पाला कपाटात. शे. खरात.'

आणि खाली 'पाहिले,' आणि माझी सही.

मला तो दिवस आठवला. निमंत्रणपत्रिका, मांडववाल्याचं पत्र, झेंडूची मागणी, असे वीस-पंचवीस कागद एकदम पुढ्यात आले होते. शेवंताबाईंनी त्यांच्यात ही वही सरकवली होती आणि म्हणाल्या होत्या, "सर, वाचून करा." मी फोनवर होतो. पलीकडून मांडववाला विचारत होता, झालर भगवी की पिवळी. मी पिवळी म्हणालो आणि सही केली.

आतून पंगतीचा गलका येत होता. मी वही मिटली. बोट त्या पानात होतं.

आता मी काय ठरवलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी ठरवलं की बोट काढायचं. शंभर-सव्वाशे पानांची वही, चिकटलेली, कुलाळ कुठे उलगडत बसणार? शेवंताबाई बोलणार नव्हत्या, वैद्यबुवांना कुणी विचारणार नव्हतं. पायरीपाशी काढायचं ठरवलं. मग दारापाशी काढायचं ठरवलं. मग मी आत होतो.

"काय आहे त्यात?" बापूसाहेबांनी विचारलं.

"जुनी वही आहे. रसशाळेची," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

"मग ठेवा बाजूला, आणि तो कागद पुरा करा."

शेवंताबाईंनी पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपल्या मुलाला गणित येतं का, हे बघणारी आई बघते तसं.

कुलाळांनी हात पुढे केला. "द्या बघू."

मी वही पुढे केली. त्यांनी धरली, पण ती त्यांच्या हातात गेली नाही.

"सर, बोट."

"काय?"

"बोट काढा की. का तिथंच काही आहे?"

त्यांनी माझ्या बोटावरच वही उघडली. एकेक शब्द मोठ्याने वाचला. 'पाहिले' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. पात्रातलं तूप एव्हाना पुरतं थिजलं होतं.

"वैद्यबुवा," कुलाळ खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, "हे काय आहे?"

वैद्यबुवांनी बशी खाली ठेवली. दोन वर्षांनी कुणीतरी नीट विचारत होतं. "विजया उपविषात येते. शोधन केल्याशिवाय औषधात घ्यायची नाही. धुवायची, वाळवायची, तुपात भाजायची. मग तिचा मद जातो आणि गुण राहतो."

"अहो, पण ते सगळं सत्त्व तुपात उतरतं!" मी ओरडलोच. "मग माझ्या यंत्राला पाल्यात राहिलं काय?"

"काही नाही. तूप राहिलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

वैद्यबुवांनी बापूसाहेबांकडे अतिशय अदबीने पाहिलं.

शेवंताबाईंच्या मौनव्रताचा बांध तिथे फुटला. "तीस वर्सं उपविषाचं पोतं आलं की पयलं धुवायचं! बचनाग आला, धुतला. कुचला आला, भाजला. धोत्र्याचं बी आलं, त्येबी केलं. आता माजी ह्या नव्या खोलीत बदली झाली म्हून इख कमी झालं व्हय? मानसांच्या पोटात जायचं औषध! आन वैद्यकाकास्नी इचारून क्येलं, सरांची सई घेतली. काय चुकलं माजं?"

"पण वजन कसं जुळलं?" कुलाळांनी विचारलं.

"धुताना गेलं, तुपानं आलं," वैद्यबुवा म्हणाले. "तसं नेहमीच होतं."

"आणि ते तूप? निथळलेलं?"

"बरणीत आहे. माझ्या कपाटात. चिनी मातीची बरणी, दोन किलो."

बरणी आणली गेली. हिरवंगार तूप. थेंब तपासणीयंत्रात घातला तर डोंगर पडद्याबाहेर गेला. जर्मन यंत्राने जे काढायला हवं होतं ते चार दिवसांपूर्वी रसशाळेतल्या कढईने काढून ठेवलं होतं. वीज न वापरता.

कुलाळांनी बरणीला सील केलं. दोन वेळा लाख लावली, दोन्ही वेळा तुपकट बरणीवरून ती घसरली. शेवटी शेवंताबाईंनी राख आणून बरणी घासून दिली. पंचनाम्यात कुलाळांनी लिहिलं की माल पूर्ण आहे, चोरी नाही, वैद्यकीय पद्धतीने शुद्ध केलेला असून तशी नोंद व वरिष्ठांची स्वाक्षरी आहे. आणि शेवटी एक ओळ, 'सदर नोंदीचे पान केंद्रप्रमुख श्री. सबनीस यांनी स्वतः दाखवून दिले.'

"असं लिहू नका," मी म्हणालो.

"का? खरं नाही?"

मी तुपाने चिकट झालेलं बोट रुमालाला पुसलं.

बापूसाहेब उठले. माझा अर्धवट कागद त्यांनी घडी करून खिशात घातला, लिफाफ्याशेजारी. "पाहिलं म्हणून सही केलीत," ते शांतपणे म्हणाले, "आणि पाहिलं नव्हतंत. अशा माणसाला कायम करायचं म्हणजे..." मग ते पंगतीत गेले आणि विश्वस्तांना सांगितलं की पहिल्याच दिवशी अपेक्षेबाहेर अर्क निघाला. पुन्हा टाळ्या झाल्या. आम्हाला त्या इथपर्यंत ऐकू आल्या.

ऑर्डर त्या दिवशी वाचली गेली नाही. मार्चमध्ये कंत्राट संपलं, पुढचं झालं नाही. गेली अकरा वर्षं मी दुसऱ्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो. ते यंत्र अजून तिथेच आहे म्हणतात. दसऱ्याला त्याला माळ घालतात.

शेवंताबाई ठरल्या तारखेला निवृत्त झाल्या. पेन्शन पहिल्याच महिन्यात सुरू झाली. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा नातू येतो आणि पितळी डब्यातून साजूक तूप देऊन जातो. डबा परत मागवायला त्यांचा फोन येतो.

यंदाही आला. "सर, तुमी बोट ठिवलंसा म्हून मी वाचले. येवडी मोटी वही. कोन हुडकनार हुतं? सोताच्या सईवर बोट ठिवलंसा. कोन ठिवतं?"

"बाई, खरं सांगू का..."

"काय?"

दर दिवाळीला मी हे वाक्य इथपर्यंतच आणतो. वहीची पानं चिकट होती. राख होती, तूप होतं, बोट आत गेलं होतं आणि मी ते काढणार होतो. अंगणात, पायरीपाशी, दारात, तीनदा काढणार होतो. निघत नव्हतं की मी काढत नव्हतो, हे मला तेव्हाही कळलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "तूप छान कढलंय."

"गाईचं हाय," शेवंताबाई म्हणाल्या.